ओंडका, साखळी आणि ट्रॅक्टर

धारवाडची भूमी दोन भिन्न प्रदेशांच्या सीमेवर वसलेली आहे. पूर्वेस नवलगुंदकडे काळ्या मातीची सपाट राने पसरलेली आहेत, तर पश्चिमेस कलघटगी आणि अळणावर ही गावे मागे पडताच मलनाडाची चाहूल लागते आणि हल्याळ, यल्लापूर व दांडेली यांच्या बाजूचे अरण्य सुरू होते. साग, ऐन, किंजळ, शिसव अशा वृक्षांनी समृद्ध असलेला हा उत्तर कन्नडचा प्रदेश इ. स. १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तेथेच राहिला. त्यामुळे या जंगलांतील लाकडाचा संबंध हुबळी-धारवाडच्या बाजारपेठेशी फार जुना आहे. अळणावरहून दांडेलीस जाणारा लोहमार्ग लाकडाच्या वाहतुकीस उपयोगी पडला, आणि दांडेली येथे १९५५ साली स्थापन झालेल्या कागदाच्या गिरणीमुळे बांबू व लाकूड यांची मागणी अधिकच वाढली.

आता काळ पालटला आहे. १९८० च्या वनसंरक्षण कायद्याने जंगलाच्या उपयोगावर कडक बंधने आणली. दांडेली-अणशीचे अरण्य २००७ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाले आणि २०१५ पासून ते काळी व्याघ्रप्रकल्प या नावाने ओळखले जाते. तथापि ओंडका आपल्या जीवनातून नाहीसा झालेला नाही. शेताच्या बांधावर लावलेली निलगिरी, सुरू व अकेशिया ही झाडे तोडणीस येतात. वळवाच्या वादळात एखादी जुनी चिंच किंवा आंबा उन्मळून पडतो. आणि ते लाकूड रानातून रस्त्यापर्यंत आणावे लागते. हे काम पूर्वी बैल करीत. आज ते बहुधा वीस-तीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर करतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी किंवा आजोळी असा ट्रॅक्टर आहे. नांगरणीत व पेरणीत तो जितका आज्ञाधारक वाटतो तितकाच तो ओंडका ओढतानाही राहील अशी आपली समजूत असते. ही समजूत किती धोक्याची आहे, आणि हा धोका टाळणे किती सोपे आहे, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात करावयाचा आहे.

बैल आणि यंत्र

बैलजोडी ओंडका ओढीत असता तो एखाद्या खुंटास अडकला, तर बैल थोडा जोर लावतात आणि मग थांबतात. गाडीवान कितीही ओरडला तरी ते पुढे जात नाहीत. आपण त्यास अडेलपणा म्हणतो. परंतु त्या थांबण्यात मोठे शहाणपण असते. ओझे हलत नाही हे बैलाच्या खांद्यास कळते.

यंत्रास खांदा नाही. ओंडका अडकला आहे की सुटा आहे, याची जाणीव इंजिनास होत नाही. जोपर्यंत इंधन मिळते आणि क्लच सुटलेला असतो तोपर्यंत ते चाके फिरविण्याचाच प्रयत्न करीत राहते. तेव्हा बैलाने जो विचार केला असता तो माणसाने करावयास हवा, आणि तोही ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी.

ओंडक्याचे वजन

ओंडका किती जड आहे याचा अंदाज डोळ्यांनी करू गेल्यास आपण नेहमी फसतो. यासाठी शाळेत शिकलेले वृत्तचितीचे सूत्र कामी येते. तीन मीटर लांब आणि चाळीस सेंटिमीटर व्यासाचा एक ओंडका घ्या. त्रिज्येचा वर्ग, पाय आणि लांबी यांचा गुणाकार केला म्हणजे घनफळ सुमारे ०.३८ घनमीटर येते. ताज्या तोडीच्या निलगिरीचे लाकूड जवळजवळ पाण्याइतके जड असते, म्हणजे एका घनमीटरास सुमारे एक हजार किलोग्रॅम. त्या हिशेबाने हा ओंडका सुमारे ३८० किलोग्रॅमचा झाला.

आता लांबी तीच ठेवून व्यास दुप्पट, म्हणजे ऐंशी सेंटिमीटर करा. वजन दुप्पट होत नाही. ते चौपट होते. हा दुसरा ओंडका सुमारे पंधराशे किलोग्रॅमचा होईल. लहान ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन बहुधा एक हजार किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे जो ओंडका बांधावर पडलेला असता केवळ ‘थोडा जाड’ वाटतो, तो ट्रॅक्टरहून दीडपट जड असू शकतो. असा ओंडका तेथेच करवतीने कापून लहान करावा. त्यात अर्धा दिवस गेला तरी तो व्यर्थ जात नाही.

लाकूड वाळले म्हणजे पुष्कळ हलके होते, हेही ध्यानात ठेवावे. ब्रह्मदेशातील जंगलांत सागाच्या उभ्या झाडाची साल व बाहेरील लाकूड भोवताली कापून ते झाड दोन-तीन वर्षे तसेच वाळू देत आणि मग तोडीत. कारण ओला साग नदीत नीट तरंगत नसे. आपणांस नदीतून लाकूड न्यावयाचे नाही. परंतु घाई नसेल तर तोडलेले लाकूड काही आठवडे पडू देऊन मग ओढावे, म्हणजे यंत्राचे श्रम कमी होतात.

ट्रॅक्टरचे तोंड का उचलते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ओंडका ओढताना होणाऱ्या अपघातांतील सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे ट्रॅक्टरची पुढची चाके वर उचलली जाऊन सबंध ट्रॅक्टर मागे चालकाच्या अंगावर उलटणे. हे कसे घडते?

प्रथम एक साधा प्रयोग करा. एक जाड पुस्तक खरखरीत सतरंजीवर उभे ठेवा. त्याच्या तळाजवळ दोरा बांधून आडवा ओढा. पुस्तक सरकत येईल. आता तोच दोरा पुस्तकाच्या वरच्या कडेजवळ बांधून ओढा. पुस्तक सरकण्याऐवजी कोलमडेल. पुस्तक तेच, सतरंजी तीच, दोराही तोच; बदलली ती केवळ दोरा बांधण्याची उंची.

ट्रॅक्टरच्या बाबतीतही हेच घडते. मागची चाके जेथे जमिनीस टेकतात ती जागा टेकूसारखी माना. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य या टेकूच्या पुढे असतो, म्हणून ट्रॅक्टरचे वजन त्याचे तोंड खाली दाबून धरते. उलट ओंडक्याची साखळी ट्रॅक्टरला मागे खेचते आणि तोंड वर उचलू पाहते. साखळी जमिनीपासून जितकी उंच बांधलेली, तितके तिचे उचलण्याचे सामर्थ्य अधिक.

उदाहरण घेऊ. समजा, ट्रॅक्टरचे वजन एक हजार किलोग्रॅम आहे आणि गुरुत्वमध्य टेकूच्या साठ सेंटिमीटर पुढे आहे. दोहोंचा गुणाकार ६०,००० होतो. हे झाले तोंड खाली धरणारे सामर्थ्य. साखळी जमिनीपासून चाळीस सेंटिमीटर उंचीवर बांधली असेल, तर तोंड उचलले जाण्यास ६०,००० भागिले ४०, म्हणजे १,५०० किलोग्रॅमची ओढ लागेल. परंतु कोरड्या, टणक जमिनीवरही टायरांची पकड त्यांच्यावरील भाराच्या सुमारे साठ-सत्तर टक्केच असते. आपल्या ट्रॅक्टरची पकड फार तर सहाशे-सातशे किलोग्रॅम होईल. याचा अर्थ असा की तोंड उचलले जाण्याच्या पुष्कळ आधी चाके जागच्या जागी घसरू लागतील. चालकास इशारा मिळेल आणि प्राण वाचेल.

आता साखळी एक मीटर उंचीवर, म्हणजे बैठकीच्या मागे वरच्या बाजूस असलेल्या एखाद्या बळकट जागी बांधली आहे असे समजा. ६०,००० भागिले १०० म्हणजे केवळ ६००. आता चाके घसरण्यापूर्वीच तोंड वर जाऊ शकते. त्यातून चढ असेल तर परिस्थिती आणखी बिकट होते. चार मीटरांत एक मीटर चढणाऱ्या उतारावर, गुरुत्वमध्य साठ सेंटिमीटर उंच असेल, तर वजनाची रेषा सुमारे पंधरा सेंटिमीटर मागे सरकते. साठाचे पंचेचाळीस झाले. मग साडेचारशे किलोग्रॅमची ओढही तोंड उचलण्यास पुरते.

येथे कोणी म्हणेल, ‘चालक कसलेला असेल तर तो तत्काळ क्लच दाबील.’ दुर्दैवाने येथे कौशल्यास अवसरच मिळत नाही. ट्रॅक्टर मागे उलटण्याची सबंध क्रिया एक-दीड सेकंदात पूर्ण होते, आणि ज्या क्षणानंतर तो सावरता येत नाही तो क्षण एक सेकंद भरण्यापूर्वीच निघून जातो. काय घडते आहे हे डोळ्यांनी पाहून, मनाने ओळखून, पाय क्लचवर आणीपर्यंत वेळ संपलेली असते. म्हणून ओंडका ओढणाऱ्याची सुरक्षितता साखळी बांधतानाच निश्चित होते.

एका संशोधकाची कहाणी

हा दोष ट्रॅक्टरइतकाच जुना आहे. १९१७ साली अमेरिकेत फोर्डसन नावाचा हलका व स्वस्त ट्रॅक्टर निघाला आणि तो जगभर पसरला. परंतु नांगर दगडास किंवा मुळास अडकला की तो मागे उलटे आणि त्यात कित्येक शेतकरी प्राणास मुकले. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) या संशोधकाने या प्रश्नावर अनेक वर्षे परिश्रम केले. नांगर साखळीने मागून ओढण्याऐवजी खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी तो ट्रॅक्टरशी जोडावा, म्हणजे नांगरावर येणारा जोर वरच्या दांड्यातून पुढे जाऊन ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबील, ही त्याची युक्ती. १९३९ साली फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरात ती आली आणि पुढे सर्वत्र रूढ झाली. आज आपल्या गावच्या ट्रॅक्टरमागे जी लिफ्ट दिसते ती याच कल्पनेची संतती होय.

परंतु फर्ग्युसनची ही योजना नांगरासारख्या अवजारासाठी आहे. वरचा दांडा काढून टाकून त्याच्या जागी ओंडक्याची साखळी अडकविली, तर फर्ग्युसनने टाळलेले संकट आपण हातांनी परत आणतो. त्याचप्रमाणे लिफ्टचे खालचे दोन हात उंच उचलून त्यांना साखळी बांधणेही तितकेच घातक. ओंडका ओढण्याची योग्य जागा एकच: ट्रॅक्टरच्या मागे, मागच्या आसाच्या खाली बसविलेला ओढदांडा, ज्यास आपले लोक ड्रॉबार म्हणतात.

काम करण्याची रीत

आता प्रत्यक्ष कामाकडे पाहू.

पहिली गोष्ट, वाट. ट्रॅक्टर आणण्यापूर्वी चालकाने ओढण्याची वाट पायी चालून पाहावी. खुंट, दगड, गवतात दडलेले खड्डे, पाटाची कड हे सर्व पाहून ठेवावे आणि शक्य तेवढे दूर करावे. पावसाळ्यात आपली काळी माती चिकट व निसरडी होते. तेव्हा हे काम जमीन वाळेपर्यंत लांबणीवर टाकणेच श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट, साखळी. साखळी मजबूत असावी. तिची कडी ताणलेली, चिरलेली किंवा तारेने सांधलेली नसावी. नायलॉनचा दोर वापरू नये. तो रबरासारखा ताणला जातो आणि तुटला की त्याचे टोक चाबकासारखे उसळते. साखळीचा फास ओंडक्याच्या टोकापासून सुमारे अर्धा मीटर आत घट्ट बसवावा. ओंडक्याच्या पुढील टोकाची धार कुऱ्हाडीने तासून गोल केल्यास ते टोक मातीत रुतत नाही.

तिसरी गोष्ट, ओंडक्याचे टोक उचलणे. टोक जमिनीपासून किंचित वर राहिले तर ओढ हलकी होते. परंतु एक टोक उचलले की ओंडक्याचे जवळजवळ निम्मे वजन ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर येते आणि तोंड तितके हलके होते. म्हणून टोक केवळ जमीन सोडील इतकेच उचलावे आणि पुढच्या बाजूस वजने लावावीत. ट्रॅक्टरच्या एकूण भारापैकी निदान एक-पंचमांश भार पुढच्या चाकांवर असावा, असा जाणकारांचा नियम आहे. सुकाणू फिरवूनही ट्रॅक्टर नीट वळत नसेल तर भार जास्त झाला असे समजावे.

चौथी गोष्ट, चाल. दोन्ही ब्रेक एकत्र जोडलेले असावेत. सर्वांत खालचा गिअर घ्यावा, साखळी हळूहळू ताणावी आणि क्लच झटक्याने सोडू नये. ओंडका ट्रॅक्टरच्या सरळ मागे असावा. बाजूने ओढल्यास ट्रॅक्टर कुशीवर पडू शकतो. उतार असेल तर सरळ खाली किंवा सरळ वर जावे, आडवे जाऊ नये. उतरताना गिअर कधीही काढू नये. मागून सरकत येणारा ओंडका ट्रॅक्टरला ढकलू लागतो, आणि अशा वेळी केवळ ब्रेकवर विसंबणे धोक्याचे असते. चढ फार उभा असेल तर ट्रॅक्टर वर सपाटीवर उभा करून लांब तारेच्या दोराने ओंडका ओढून घ्यावा.

पाचवी गोष्ट, अडथळा. ओंडका अडकला की इंजिनाचा जोर वाढवू नये. थांबावे, साखळी सैल करावी, इंजिन बंद करून खाली उतरावे आणि पहारीने ओंडका वळवून मोकळा करावा. ट्रॅक्टरचीच चाके चिखलात रुतली तर मागच्या चाकांस आडवे लाकूड बांधून तो बाहेर काढण्याची एक पद्धत आपल्याकडे पाहावयास मिळते. ती अत्यंत घातक आहे. चाके फिरू शकली नाहीत तर इंजिनाचा सारा जोर ट्रॅक्टरच्या धडास आसाभोवती फिरवितो, आणि मग साखळी खाली बांधलेली असूनही उपयोग होत नाही. अशा वेळी भार सोडून मागे येऊन पाहावे; न जमल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्यावी.

लोखंडी कमान

काही ट्रॅक्टरांवर चालकाच्या मागे एक भक्कम लोखंडी कमान उभी असते. ती शोभेची नसते. ट्रॅक्टर उलटला तर ती जमिनीवर टेकते आणि चालकासाठी जागा राखते. स्वीडन देशाने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर अशी संरक्षक योजना सक्तीची केली आणि पुढील काही दशकांत तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू अत्यंत विरळ झाले. आपल्याकडील अनेक लहान ट्रॅक्टरांवर ही कमान दिसत नाही. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्या कुटुंबाने रंग आणि अश्वशक्ती यांबरोबर हीही चौकशी अवश्य करावी. कमान असेल तर कमरेचा पट्टा बांधावाच. पट्ट्यावाचून चालक बाहेर फेकला जातो आणि त्याच कमानीखाली सापडू शकतो. कमान नसेल तर मात्र पट्टा बांधू नये.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

विद्यार्थिमित्रहो, ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. मग हे ज्ञान आज आपल्या काय कामाचे, असे तुम्हांस वाटेल. ते दोन प्रकारे कामाचे आहे.

एक तर, ओंडके ओढण्याच्या ठिकाणी अपघात पाहणाऱ्यांसही होतात, आणि पाहणाऱ्यांत मुले अधिक असतात. मडगार्डवर बसून जाणे ही आपल्याकडे मौज समजली जाते. चालत्या ओंडक्यावर उभे राहण्याची पैजही लागते. ट्रॅक्टरवर बैठक एकच असते, कारण ते वाहन एका माणसासाठीच घडविलेले आहे. ताणलेल्या साखळीच्या लांबीच्या दुप्पट अंतराच्या आत कोणी उभे राहू नये, साखळी ओलांडू नये, आणि उतारावर ओंडक्याच्या खालच्या बाजूस तर कधीही थांबू नये.

दुसरे असे की, साखळी कोठे बांधली आहे हे पाहण्यास परवाना लागत नाही. वडील किंवा काका घाईत असतील, सूर्य मावळत असेल, वखारीची गाडी रस्त्यावर येऊन थांबली असेल, आणि साखळी हाताशी आलेल्या उंच जागी अडकविली जात असेल, तर तुम्ही नम्रपणे म्हणू शकता, ‘बाबा, साखळी खाली ड्रॉबारला बांधा ना.’ त्यांनी कारण विचारले तर पुस्तकाचा आणि दोऱ्याचा प्रयोग त्यांना करून दाखवा. धारवाडच्या कृषी विद्यापीठात दरवर्षी कृषिमेळा भरतो आणि तेथे अनेक प्रकारची शेतीयंत्रे मांडलेली असतात. पुढल्या वेळी तेथे जाल तेव्हा प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे जाऊन ओढदांडा कोठे आहे, तो जमिनीपासून किती उंच आहे आणि कमान आहे की नाही, याची नोंद वहीत करा.

आणखी एक गोष्ट. झाड आपल्या शेतातले असले तरी ते तोडण्यास कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागू शकते. काही जातींना सवलत आहे, काहींना नाही. म्हणून कुऱ्हाड उचलण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्यावे.

सारांश असा: ओंडका आपल्या यंत्रास झेपेल एवढाच घ्यावा, वाट आधी पाहावी, साखळी आसाच्या खाली बांधावी, अडथळा येताच थांबावे आणि माणसे दूर ठेवावीत. या पाच गोष्टींना पैसा लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांचा वेळ लागतो. तेवढा वेळ प्रत्येक घराने द्यावा.